शुक्रवारचा डबा

माझी दोन्ही मुलं कॉलेजात जातात. तरी दर पंधरा दिवसांनी माझ्या मोबाईलवर मेसेज येतो, 'प्रिय आई, तुमच्या बाळाच्या डायपरवर चाळीस टक्के सूट.' मी तो पुसून टाकते आणि औटे काकांची आठवण काढते. कधी नुसती आठवण काढते, कधी शिवी हासडते. त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये फारसं अंतर कधीच नव्हतं.

पुंडलिकनगरात आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. आमचं आणि औटेंचं परस एकमेकांना लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी भांडी विसळत होते, तर भिंतीवरून एक डोकं वर आलं. पांढरे, बारीक कापलेले केस, कानावर पेन्सिल.

"मॅडम, तुमचा मोबाईल नंबर जुना का नवा?"

नाव नाही, गाव नाही. मी म्हटलं, जुना आहे.

"त्यावरून किराणा कधी मागवला का? ऑनलाइन?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांची काही तरी जुनी ओळख निघाली. तसं काही नव्हतं. किराण्याच्या त्या ॲपवर पहिल्या ऑर्डरला मोठी सूट होती आणि माझा नंबर त्यांच्या भाषेत 'कोरा' होता. पाच मिनिटांत माझ्या नावावर त्यांच्या घरचं तेल, तूरडाळ आणि नातीचे डायपर मागवले गेले. मी नुसती हातात फोन धरून उभी होते आणि ते भिंतीपलीकडून ओरडत होते, "आला का ओटीपी? आला का?" पुढं ही ओरड मला रोजची झाली. माझा संपला, नवऱ्याचा संपला, सासूबाई चार दिवसांसाठी आल्या तर त्यांचाही झाला. गल्लीतला इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा डॉक्टर, कुणी कोरं राहिलं नाही. देवळातल्या पुजाऱ्याच्या नंबरवर त्यांनी अंड्यांचा ट्रे मागवला. त्या बिचाऱ्याला पुढं वर्षभर चिकनच्या जाहिराती येत होत्या आणि त्या कशा बंद करायच्या हे तो शरमेनं कुणाला विचारूही शकत नव्हता.

दर वेळी काका मोबदला म्हणून साबणाची एक वडी द्यायचे. एकावर एक फुकट मिळालेली. मी ती घ्यायचे. हे सांगून टाकलेलं बरं, कारण आता पुढं मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पैठणच्या धरणाच्या कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. कुणाच्या शेताला किती दिवसांनी, किती तास पाणी द्यायचं, याचं वेळापत्रक सांभाळणं हे त्यांचं काम. शेतकऱ्यानं आधी मागणीचा अर्ज द्यायचा, मग पाळी ठरायची, मग दार उघडायचं. अर्ज नाही तर पाणी नाही, मग समोर आमदार उभा असो. लोक म्हणायचे, माणूस लई कडक, पण खाणारा नाही. निवृत्त झाल्यावर हा कडक माणूस एकाएकी रिकामा झाला. सकाळचे नऊ वाजले की अंगात घड्याळ वाजायचं आणि घरात सांभाळायला कालवा नव्हता. स्वयंपाकघर तेवढं होतं.

घरात माणसं पाच. काका, काकू, वाळूजच्या कंपनीत जाणारा मुलगा संदीप, बँकेत जाणारी सून पूनम आणि नात. काकांनी फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता लावला. सोमवारी मटकी, मंगळवारी पालक, गुरुवारी सकाळी भाकरी-पिठलं आणि रात्री मुगाची खिचडी. दर शनिवारी रात्री प्रत्येकानं पुढच्या आठवड्याची मागणी लिहून द्यायची. कोण कुठल्या वेळी घरी, किती पोळ्या, किती भाकरी. साडेनऊनंतर मागणी बंद. मग काका पिठाच्या मोठ्या डब्यातून मोजून सात लहान डबे भरायचे. त्यांवर चिकटपट्टी लावून स्वतःच्या ठसठशीत अक्षरात वार लिहिलेले. ज्या दिवशी जो डबा तोच उघडायचा.

रविवारी आठवड्याची भाजी एकदम चिरायची. विळीवर काकू, शेजारी स्टुलावर घड्याळ घेऊन काका.

"मॅडम, रविवारी तीन तास घातले की आठवडाभर रोजचा एक तास वाचतो."

"कुणाचा वाचतो, काका?"

"घराचा," ते म्हणाले.

मी काकूंकडं पाहिलं. त्या भोपळ्याच्या फोडी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचतो ना ताई. वाचलेल्या वेळात मी पुढच्या रविवारची मेथी निवडते."

पण खरं सांगायचं तर पूनमला हे सगळं मनापासून आवडायचं. तिला नऊला घर सोडावं लागे. आदल्या रात्री 'उद्या काय करायचं' हा प्रश्न नाही, सकाळी भाजी चिरलेली, कणीक मोजलेली. ती एकदा मला म्हणाली होती की माझ्या बँकेतल्या बायका सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडतात आणि मी माझ्या सासऱ्यांचा तक्ता फोटो काढून त्यांना पाठवते. मला तिचा हेवा वाटला. माझ्या घरात सकाळी सात वाजता डब्याला काय द्यायचं यावरून रोज भांडण व्हायचं.

कुपनांची मात्र गोष्ट वेगळी होती. त्या बाबतीत काकांना डोकं नव्हतं असं नाही, ते फार होतं, आणि त्याचाच त्रास होता. वर्तमानपत्रातली, मॉलच्या बिलामागची, दूधपिशवीवरची, मोबाईलमधली सगळी कुपनं त्यांनी तारखेप्रमाणं लावून एका जुन्या विमा पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवलेली असत. जे आधी संपणार ते सगळ्यात वर. मग घरात काय शिजणार हे माणसांच्या भुकेवर राहायचं नाही, फाइलीत वर काय आहे त्यावर ठरायचं. एका महिन्यात ओट्सची कुपनं वर आली. ओट्सचा उपमा झाला, ओट्सचे धपाटे झाले, गणपती बसले तर मोदकाच्या सारणात ओट्स आले. मी दर्शनाला गेले होते. प्रसादाचा मोदक तोंडात घोळवत होते, गिळवत नव्हता.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"बाप्पालाच विचारा," काकू आतून म्हणाल्या. "तो काय बोलत नाय, म्हणून बरं चाललंय."

नारळ स्वस्त मिळतो म्हणून ते स्कूटरवर बजाजनगरपर्यंत जाऊन आले. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाले, "पेट्रोलचा हिशोब येगळ्या खात्यात." जालना रोडवरच्या मॉलमधून त्यांनी मेयोनीजच्या अकरा बरण्या आणल्या, कारण मोठ्या बरणीवर छोटी फुकट होती. ते काय असतं, कशाबरोबर खातात, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आठ दिवसांनी काकांनी ते भाकरीला लावून खाल्लं. चेहऱ्याची एक रेघ हलू दिली नाही.

"कसंय?" मी भिंतीवरून विचारलं.

"स्वस्त हाय," ते म्हणाले.

या सगळ्याला आम्ही गल्लीभर हसायचो. काकूही हसायच्या. त्या गुरुवारपर्यंत.

काकूंना एकच भाऊ, रंगनाथ. पाठचा. आईवडील गेलेले, त्यामुळे काकूंचं माहेर म्हणजे आता हा एवढा एकच माणूस. पैठणच्या अलीकडं त्याची शेती, मोसंबीची बाग. महिन्या-दीड महिन्यातून ट्रॅक्टरच्या सामानासाठी नाही तर बँकेच्या कामाला एसटीनं शहरात यायचा. यायच्या आधी फोन करायचा नाही. करायचाच कशाला? बहिणीच्या घरी भाऊ फोन करून येतो की काय? पिशवीत वांगी, शेंगा, कधी हुरडा, मोसंबी तर असायचीच. यायचा, पाय धुवायचा, बहिणीसमोर पाटावर बसून जेवायचा आणि साडेतीनच्या गाडीनं जायचा. तो जेवत असला की काकू समोर बसून नुसत्या बघायच्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते एरवी मी कधी पाहिलं नाही.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. मी शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी असायचे. काकूंचं पातेलं परत द्यायला गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत बसले. काका-काकूंचं जेवण उरकलेलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आक्का!"

काकू एवढ्या झटकन उठल्या की गुडघे दुखतात हे विसरल्या. "रंगा! ये, ये. हातपाय धू. बस, भाकरी टाकते."

गुरुवारचा डबा रिकामा होता. त्यांनी फळीवरून शुक्रवारचा डबा खाली घेतला, झाकण उघडलं, परातीत मूठभर पीठ घेतलं. बाहेरून काका आले.

"अगं, शुक्रवार उघडू नको!"

काकूंचा हात तसाच थांबला. रंगनाथ दारात ओले पाय घेऊन उभा.

"शुक्रवार आत्ता उघडला तर शनिवार फोडावा लागंल," काका समजावून सांगायला लागले. रागानं नव्हे. राग असता तर परवडला असता. ते अगदी प्रेमानं, शेतकऱ्याला पाळी समजावून सांगावी तसे सांगत होते. "मग सगळा आठवडा सरकतो. रंगनाथराव, तुमी काल नुसता एक मिस कॉल दिला असता तर तुमच्या दोन भाकरी धरल्या असत्या की. कळवायचं हो. आदल्या दिवशी कळवलं की काय बी अडचण येत नाय."

 आणि मग काकांना वाटलं असावं की पाहुण्याची काही तरी सोय केली पाहिजे. ते आत गेले, फाइल घेऊन आले, सगळ्यात वरचा कागद काढला.

"हे घ्या. बसस्टँडासमोरच्या हॉटेलाचं हाय. थाळीवर वीस टक्के. आजच संपतंय. वाया जाण्यापेक्षा तुमच्या उपयोगी पडंल."

मी देवाशप्पथ सांगते, त्या माणसाला आपण चांगलं काम करतोय असं वाटत होतं. शेवटच्या तारखेचं कुपन योग्य माणसाच्या हातात पडलं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

रंगनाथनं कुपन घेतलं. नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तांब्यातलं पाणी प्याला.

"येतो आक्का. गाडी सुटंल."

"अरे, चहा तरी घे."

"नको. लई ऊन हाय."

मोसंबीची पिशवी दारातच राहिली. काकांनी ती आत आणली, मोजली आणि म्हणाले, "चोवीस हायेत. रोज सहा. रविवारपर्यंत पुरतात." काकू अजून परातीसमोर बसल्या होत्या, पिठात हात तसाच. मी पातेलं ठेवून निघून आले. रात्री मी हा प्रसंग घरी नक्कल करून सांगितला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. 'शुक्रवार उघडू नको' हे आमच्या घरात कितीतरी दिवस चाललं. आज त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

रंगनाथ नंतरही यायचा. येणं सोडलं असतं तर भांडण झालं असतं, भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. तो यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, पिशवी द्यायचा. आणि काकू उठायला लागल्या की म्हणायचा, "आक्का, जेवून आलोय." काकू जे समजायचं ते समजल्या. भाऊ बसस्टँडवर मिसळ-पाव खाऊन आपल्या दारात येतो, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. मला मात्र एकदा भिंतीपाशी म्हणाल्या, "ताई, माझ्या घरचं पाणी पितो अन् वर पाव्हण्यावानी हात जोडतो. आता माहेर म्हणून कुठं जाऊ मी?"

नवऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. त्यांनी काकांचाच नियम धरला. शनिवारच्या मागणीच्या कागदावर गुरुवारपुढं त्या दर वेळी लिहायला लागल्या, 'रंगनाथ, दोन भाकरी.' अर्ज वेळेत, रीतसर. काकांना पीठ द्यावंच लागायचं. गुरुवारी दोन भाकऱ्या जास्तीच्या व्हायच्या, ताटात झाकून ठेवल्या जायच्या. रंगनाथ आला तर 'जेवून आलोय', नाही आला तर नाहीच. रात्रीपर्यंत भाकऱ्या तशाच. अन्न वाया घालवायचं नाही हाही काकांचाच नियम, त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्या कडक भाकऱ्या दुधात कुस्करून ते एकटे खायचे. काकू समोरून नुसत्या ये-जा करायच्या. असे सात-आठ महिने गेले. काकांना यातलं काही कळत होतं का? मी एकदा विचारलंच, की रंगनाथमामा हल्ली जेवत नाहीत वाटतं.

"त्यांनी शिस्त लावून घेतली," काका म्हणाले. "आता जेवून येतात. माणूस समजदार हाय."

मग रंगनाथच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला तो स्वतः आला, रीतीप्रमाणं बहिणीसाठी साडी आणि ओटीचं सामान घेऊन. आम्हालाही पत्रिका होती, म्हणून काकूंनी मला हाक मारून बोलावून घेतलं. त्यानं मला बहिणीला कुंकू लावायला, तिची ओटी भरायला सांगितलं, माझ्या हातात पत्रिका दिली. मग काकांच्या हातात दिली. त्यांच्या पत्रिकेला टाचणीनं काही तरी लावलेलं होतं. गुलाबी कागद. केटररची जेवणाची कुपनं. हल्ली कार्यालयात ताटावर पैसे असतात, म्हणून लांबच्या ओळखीच्या लोकांना अशी कुपनं देतात. पाच होती. मी माझी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. मला कुपन नव्हतं.

"दाजी," रंगनाथ म्हणाला, "आदल्या दिवशी नाय, महिनाभर आधी कळवतोय. तुमची पाच पानं धरलेली हायेत. गैरसोय होयाची नाय."

आवाज अगदी गोड. काकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? कुपन पालथं करून मागं अटी छापल्यात का ते पाहिलं.

"यावर तारीख टाकलेली नाय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी मान वर करून बायकोकडं पाहिलं. नवरीच्या आत्याकडं. जिनं हळदीपासून पाठवणीपर्यंत नवरीशेजारी उभं राहायचं, तिच्याकडं. काकूंच्या मांडीवर ओटीचे तांदूळ होते आणि त्या ते मुठीत घेत होत्या, सोडत होत्या.

रंगनाथ गेल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "मी नाय जाणार. भावाच्या मांडवात कुपनावर जेवायची येळ तुमी आणली माझ्यावर."

काकांनी कुपनं फाइलीत लावली नाहीत, खिशात ठेवली.  चार दिवस त्या घरात तक्त्याप्रमाणं सगळं शिजलं, वजनात, वेळेवर. रविवारी भाजी चिरायला काकू बसल्या तर स्टुलावर कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी काका सकाळीच कुठंतरी गेले. काय झालं ते मला पुढं लग्नात खुद्द रंगनाथकडूनच कळलं.

"काय सांगू ताई! दुपारचा एक वाजलेला. आमी समदे जेवायला बसलेलो. बघतो तर दाजी दारात. फोन नाय, निरोप नाय. घामानं निथळलेले. म्हटलं, दाजी बसा. तर म्हणतात, जेवून आलोय." तो हसायला लागला. "खोटं बोलायला बी सराव लागतो. दाजींच्या तोंडावरची भूक दिसत व्हती. बायकोनं ताट मांडलं, तिचंच होतं ते. दाजींनी खिशातून कुपनं काढली, ताटाच्या कडंला ठेवली. म्हणाले, ही तुमची राहू द्या, आमी तसेच येतो."

"माफी मागितली का?" मी विचारलं.

"नाय. तीन भाकरी खाल्ल्या अन् चौथी मागितली." रंगनाथ म्हणाला, "आमच्यात तेवढं पुरतं."

काकू लग्नाच्या चार दिवस आधीच माहेरी गेल्या आणि नवरीशेजारी ताठ उभ्या राहिल्या. काका जेवणाच्या दालनात केटररशी ताटं जास्त मोजतोस म्हणून हुज्जत घालत होते. तेवढ्यात बँडवाले दहा-बारा जण जेवायला आले आणि केटररच्या माणसानं त्यांना अडवलं, तर काका त्याच्यावरच उलटले, "आमची माणसं हायेत, बसू दे." दोन मिनिटांनी ते पुन्हा ताटांच्या हिशोबावर आले. माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर तक्ता तसाच होता, डबे तसेच होते, माझ्या नव्या सिमकार्डावर त्यांचा डोळा होता.

आणि काकूंचंही समाधान झालेलं नव्हतं. "लग्नातलं जेवण धरायचं नसतं ताई," त्या म्हणाल्या. "तो माझ्या घरी जेवला म्हणजे खरं. लग्नापासून दोनदा आला. हसतो, बोलतो, अन् जेवायचं म्हटलं की अजून बी घाईत असतो."

त्याच वर्षी आम्ही शहरातल्याच सातारा परिसरात स्वतःचा फ्लॅट घेतला. मी परसात जुने पत्रे, बादल्या बांधत होते. दुपारची वेळ. काकू गुडघे दाखवायला दवाखान्यात गेलेल्या, बाकी सगळे आपापल्या कामावर. भिंतीवरून डोकं वर आलं. मला वाटलं, जाता जाता नवा नंबर मागतायत.

"मॅडम," ते कुजबुजले, "भाकरी हाय का? पोळी बी चालंल."

अकरा वर्षांत त्या घरानं आमच्याकडं चिमूटभर मीठही मागितलं नव्हतं. मागणं हे काकांच्या लेखी नियोजन चुकल्याची कबुली होती. ते अनवाणी होते. हातात रिकामं ताट.

"काय झालं?"

"रंगनाथराव आलेत. आत जेवतायत." त्यांनी मागं वळून पाहिलं. "माझं ताट होतं, तेच वाढलं. मी जेवलोय म्हणून सांगितलं. पण त्यांना अजून लागंल. त्यांना कळाया नको."

"किती देऊ?" मी विचारलं. माझी खोड, तोंडातून निघून गेलं.

काकांनी तोंड उघडलं. मी आकड्याची वाट पाहत होते. तो आलाच नाही.

"असतील तेवढ्या द्या," ते म्हणाले.

मी घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पोळ्या दिल्या, वर वांग्याची भाजी वाढली. ते लगबगीनं आत गेले. उघड्या दारातून मला रंगनाथची पाठ दिसत होती, पाटावर वाकून बसलेली, आणि काका वाढताना. "घ्या. घ्या हो. लई हायेत." आवाज फार मोठा होता, खोटं बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा. रंगनाथ काही म्हणाला, ते दोघं हसले.

मी बादल्या उचलून पुढच्या अंगणात आले तर फाटकाजवळ काकू. दवाखान्यातून आलेल्या, हातात औषधांची पिशवी. दारासमोर भावाच्या चपला बघून त्या जागीच थबकल्या होत्या. काका बाहेर आले. काकूंनी नुसती भुवई वर केली. काकांनी मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. दुसऱ्यांदा घेतलंय.

"मंग मी आत नाय येत," काकू हळूच म्हणाल्या. "मला बघितलं की बोलत बसंल अन् हात धुवून टाकील."

त्या तिथंच पायरीवर बसल्या, उन्हात, गुडघे लांब करून. काका उंबऱ्यात उभे राहिले. एक कान आत, एक डोळा रस्त्यावर, कुणी हाक मारून जेवणारा उठू नये म्हणून. पोटात अन्नाचा कण नव्हता. तेवढ्यात गल्लीत कुरिअरवाला येऊन त्यांच्या नावानं ओरडला आणि काकांनी दोन्ही हातांनी त्याला लांबूनच परत जायची खूण केली.